कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा ‘हजारपट’ तीक्ष्ण: हा हजार येतो कुठून?

कावेरी_प | सोमवार, रात्री ९:४०

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर कुत्र्यांवरून भांडणं नवीन नाहीत, पण या वेळी भांडण आकड्यावरून झालं. एकाने लिहिलं, कुत्र्याचं नाक माणसाच्या हजारपट तीक्ष्ण असतं. दुसऱ्याने दहा हजारपट केलं. झोपायच्या वेळेपर्यंत भाव लाखावर गेला होता. लाखपट म्हणजे मोजलं काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. म्हणून वाचत बसले. जे हाती लागलं ते इथे टाकते, जाणकारांनी भर घालावी.

नेहमी फिरणारा आकडा पेशींचा आहे. नाकाच्या आतल्या अस्तरात वास टिपणाऱ्या पेशी असतात. माणसात त्या साधारण ५०-६० लाख आणि जर्मन शेफर्डसारख्या कुत्र्यात २० कोटींच्या वर, असं जिकडेतिकडे छापलेलं असतं. भागाकार केला तरी उत्तर चाळीसच्या आसपास येतं. हजार कुठेच नाही. शिवाय पेशी चाळीसपट म्हणून वास चाळीसपट, असं सरळ गणितही नाही.

दुसरी मोजणी जनुकांची. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ मध्ये गंधग्राहींच्या, म्हणजे वास पकडणाऱ्या प्रथिनांच्या, जनुकांचं कुटुंब शोधून काढलं. त्याबद्दल २००४ चं नोबेल मिळालं. माणसात यातली चालू स्थितीतली जनुकं ४०० च्या आसपास, कुत्र्यात ८०० च्या आसपास. म्हणजे दुप्पट. आणि आफ्रिकन हत्तीत जवळजवळ २०००! या हिशोबाने विमानतळावर सामान हुंगायला हत्ती उभा करायला हवा.

तिसरी आणि खरी मोजणी म्हणजे प्रत्यक्ष वास देऊन बघणं: हवेत किती कमी प्रमाण असलं तरी कळतं? स्वीडनमध्ये मथायस लास्का या संशोधकाने अशा उपलब्ध चाचण्या एकत्र मांडल्या. माणूस आणि कुत्रा दोघांवरही तपासलेले १५ गंध सापडले. त्यांतल्या ५ गंधांत माणूस सरस निघाला. मी हे दोनदा वाचलं. कुत्रा पुढे होता तो मुख्यतः मेदाम्लांच्या वासात, म्हणजे अंगाचा, घामाचा, शिकारीचा वास. आपण पुढे होतो ते फळाफुलांशी नातं असलेल्या वासांत. ज्याचं पोट ज्यावर भरत आलं, त्याचं नाक तिथे तिखट. थोडक्यात, ‘कितीपट’ या प्रश्नाला ‘कशाच्या वासाबाबत?’ असा उलटप्रश्न केल्याशिवाय उत्तरच नाही.

मग माणसाचं नाक कुचकामी, हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट कुणी बसवलं? १९ व्या शतकातला फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल ब्रोका. मेंदूतलं वाचेचं केंद्र ज्याच्या नावाने ओळखतात तोच. त्याने पाहिलं की माणसाच्या मेंदूचा पुढचा भाग अवाढव्य आणि गंधाचा कंद, म्हणजे वासाचं काम बघणारा मेंदूचा भाग, त्यामानाने चिमुकला. त्यावरून त्याने सस्तन प्राण्यांची हुंगणारे आणि न हुंगणारे अशी वाटणी केली आणि आपल्याला दुसऱ्या रांगेत बसवलं. जनावर वासाचं गुलाम, माणूस स्वतंत्र बुद्धीचा, असं त्यामागचं तत्त्वज्ञान. लोकांना वास देऊन तपासायची गरज त्याला वाटली नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या जॉन मॅकगॅन यांनी ‘सायन्स’मध्ये लेख लिहून या समजुतीचा सगळा इतिहास उकलला.

आणि मला सर्वांत आवडलेला प्रयोग: २००७, अमेरिकेतलं बर्कली विद्यापीठ, नोम सोबेल यांची प्रयोगशाळा. गवतावर १० मीटरची, चॉकलेटच्या वासाची माग-रेषा टाकली. ३२ जणांच्या डोळ्यांवर पट्टी, कानांवर झाकणं, हातांत जाड मोजे, आणि सांगितलं, नाक जमिनीला लावून रांगत जा. दोन तृतीयांश लोकांनी माग बरोबर काढला. ते कुत्र्यासारखेच नागमोडी जात होते, सुटलेली रेषा पुन्हा पकडत होते. काही जणांकडून सराव करून घेतला तर वेग दुपटीहून जास्त वाढला.

आपलं नाक जमिनीपासून पाच फुटांवर असतं आणि आपण ते खाली नेत नाही. निम्मा फरक तिथेच पडत असावा असं माझं मत.

---

शंकासुर | सोमवार, रात्री १०:०५

लेख झकास. पण ताई, एवढं आपलं नाक भारी असेल तर पोलीस खात्याने भरती काढावी. ‘माग काढण्यासाठी पुरुष/महिला उमेदवार, रांगण्याची तयारी असणाऱ्यांस प्राधान्य.’ (हलके घ्या.)

गंभीरपणे: मुंबईत मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर झंजीर नावाच्या लॅब्रॅडॉरने ३ हजार किलोहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं. हातबाँब, डिटोनेटर, काडतुसं वेगळी. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी मानवंदना दिली, वरिष्ठ अधिकाऱ्याने फुलं वाहिलेला फोटो अजून फिरतो. बर्कलीच्या चॉकलेटखाऊंना हे जमलं असतं का? १५ पैकी ५ वगैरे ठीक आहे, पण जिवावर बेतलं की आपण कुणाला पुढे करतो ते बघा.

---

कावेरी_प | सोमवार, रात्री १०:२०

@शंकासुर, कुत्र्याचं नाक साधारण आहे असं मी म्हटलेलंच नाही. २००६ मध्ये अमेरिकेत दोन कुत्र्यांची काटेकोर चाचणी झाली. केळ्यासारखा वास असलेलं अमिल अॅसिटेट त्यांना हवेच्या लाख कोटी भागांत एक-दोन भाग असलं तरी कळत होतं. हे अफाटच आहे. माझं भांडण ‘लाखपट’शी आहे, झंजीरशी नाही.

---

पिपेट | मंगळवार, सकाळी ७:५०

रसायनशास्त्रवाला आहे, त्यामुळे एक खोडी काढतो. झंजीरला ‘आरडीएक्सचा वास’ आला असं आपण म्हणतो, पण शुद्ध आरडीएक्स खोलीच्या तापमानाला जवळजवळ उडतच नाही. हवेत त्याचे रेणू नगण्य. कुत्रा पकडतो ते त्याच्यासोबत राहिलेलं काहीतरी: बनवताना वापरलेलं सायक्लोहेक्झानोनसारखं द्रावक, किंवा प्लॅस्टिक स्फोटकात मिसळलेल्या मऊकारकांतून सुटणारं अल्कोहोल. कोकेनचंही तेच. हवेतल्या ओलाव्याने त्याचं थोडं विघटन होऊन मिथाइल बेंझोएट सुटतं, आणि कुत्रे त्या वासावर खाली बसून इशारा देतात. स्वच्छ, शुद्ध कोकेनकडे ढुंकून न बघणारा कुत्रा मिथाइल बेंझोएटच्या थेंबावर इशारा देतो.

गंमत म्हणजे हे मिथाइल बेंझोएट काही फुलांच्या सुवासातही असतं आणि ते तुम्हाआम्हालाही छान कळतं, गोडसर लागतं. म्हणजे प्रश्न नुसता ‘येतो का’ असा नाही. सामानाच्या ढिगाऱ्यात, डिझेल, घाम, लोणचं, अत्तर या सगळ्या गोंधळातून तेवढाच धागा वेगळा काढता येतो का, असा आहे. धाग्यातले सगळे आकडे स्वच्छ हवेतल्या एकेकट्या गंधाचे आहेत. खरी कसोटी गोंधळातली, आणि तिथे सराव केलेला कुत्रा माणसाला सहज मागे टाकतो असं मी मानतो.

---

खाकीतला_दोस्त | मंगळवार, सकाळी ९:१५

कावेरीताई, चांगला विषय काढलात. मी एका जिल्ह्याच्या श्वानपथकात हस्तक, म्हणजे कुत्रा सांभाळून त्याच्याकडून काम करून घेणारा पोलीस, होतो, आता निवृत्त. शास्त्र मला फारसं ठाऊक नाही, काम सांगतो.

सगळे कुत्रे सगळं हुंगत नाहीत. गुन्हेशोधक वेगळा, बाँबशोधक वेगळा, अमली पदार्थांचा वेगळा. गुन्हेशोधक कुत्र्याला घटनास्थळची वस्तू हुंगायला देतात, तो त्या एका माणसाचा माग काढतो. बाँबच्या कुत्र्याला माणसाशी देणंघेणं नाही, त्याला शिकवलेले वास तेवढे पाठ. वास सापडला की तो गुपचूप खाली बसतो. पंजाने उकरायचं नाही, भुंकायचं नाही. का ते सांगायला नको. आमच्या राज्याचं श्वान प्रशिक्षण पुण्यात शिवाजीनगरला व्हायचं, झंजीरही तिथलाच.

त्याला बाँब म्हणजे काय ते कळत नाही. त्याला कळतं की हा वास सापडला की साहेब चेंडू टाकतो. सगळी नोकरी त्या रबरी चेंडूसाठी. ज्या पिल्लाला चेंडूचं वेड नाही त्याचं नाक कितीही चांगलं असो, ते परत जातं.

आता लोकांना न कळणारी गोष्ट, ऊन. विदर्भात मे महिन्यात दुपारी बंदोबस्ताला कुत्रा लावला की थोड्या वेळात तो जीभ काढून धापा टाकायला लागतो. तोंडाने श्वास चालू असताना नाकाने हुंगणार कसा? म्हणून आम्ही पहाटेचं काम मागायचो, सावलीत उभं करायचो, पाणी पाजायचो. वरून फोन यायचे, ‘कुत्रा बसवून का ठेवलाय?’

आणि पेपरातलं ते ठरलेलं वाक्य: ‘श्वान महामार्गापर्यंत जाऊन घुटमळले.’ लोक हसतात, म्हणतात कुत्र्याला काही आलं नाही. अहो, घुटमळला म्हणजेच त्याने काम चोख केलं. चोर तिथून गाडीत बसून गेला. खरा घोटाळा आमच्या आधी होतो. आम्ही पोचेपर्यंत अर्धं गाव घटनास्थळी फिरून गेलेलं असतं.

---

मैना_मावशी | मंगळवार, सकाळी ११:३०

घुटमळले!! माझे वडील हे वाक्य मोठ्याने वाचायचे आणि चहाचा कप खाली ठेवायचे. आजपासून त्या कुत्र्यांना मनापासून नमस्कार.

---

डॉ_शेपटी | मंगळवार, दुपारी २:१०

पशुवैद्य आहे, दवाखान्यातून पळत पळत लिहितोय. पेशी आणि जनुकं झाली, पण कुत्र्याची खरी करामत नाकाच्या आतल्या बांधणीत आहे. त्यावर कुणी बोललं नाही.

आपण श्वास घेतो तेव्हा हवा एकाच वाटेने जाते, आणि जाता जाता तिचा थोडा अंश नाकाच्या छतापाशी असलेल्या वासाच्या चिंचोळ्या पट्टीला लागतो. उच्छ्वासात तीच हवा उलटी धुतली जाते. कुत्र्याच्या नाकात आत शिरताच हवेचे दोन भाग होतात. मोठा भाग फुप्फुसांकडे. साधारण १२ टक्के हवा वरच्या वाटेने थेट मागच्या कप्प्यात, जिथे गुंडाळ्या घातलेल्या पातळ हाडांवर वासाचं अस्तर पसरलेलं आहे. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात ब्रेंट क्रेव्हन, गॅरी सेटल्स वगैरे अभियंत्यांनी हे प्रवाह संगणकावर मांडून दाखवले. हा कप्पा उच्छ्वासाच्या वाटेतच नाही, त्यामुळे गेलेला वास तिथे रेंगाळतो, पुढच्या हुंगण्यात त्यात भर पडते.

उच्छ्वासाची हवा बाहेर पडते ती नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून, मागे आणि खाली. तुमच्या कुत्र्याचं नाक जवळून बघा, स्वल्पविरामासारखी चीर दिसेल. समोरचा वास त्यामुळे फुंकला जात नाही, उलट त्या झोताने समोरची नवी हवा नाकाकडे ओढली जाते. आणि हे सगळं सेकंदाला पाचेक वेळा. दोन नाकपुड्या दोन वेगळ्या जागांची हवा घेतात, म्हणून वास डावीकडून की उजवीकडून तेही कळतं.

शिवाय टाळूच्या वर जेकबसनचं इंद्रिय. दुसऱ्या कुत्र्याच्या मुतातले, अंगातले निरोप वाचायला. आपल्यात त्याचा नुसता अवशेष उरलाय.

@खाकीतला_दोस्त, तुमच्या माग काढण्याबद्दल एक जबरदस्त गोष्ट. माग सापडला तरी माणूस कुठल्या दिशेने गेला हे कसं कळतं? बेलफास्टमध्ये २००५ मध्ये तपासलं. कुत्र्याला दिशा ठरवायला सलग पाच पावलांचे ठसे पुरले. पहिल्या आणि पाचव्या पावलात अंतर किती, दोन-तीन सेकंदांचं. एवढ्या वेळात वास किती विरला, त्या फरकावरून तो दिशा ओळखत असावा. लास्कांच्या तक्त्यात ही गोष्ट मावतच नाही.

---

शंकासुर | मंगळवार, दुपारी ३:००

मी दिलेली बाजू डॉक्टरांनी माझ्याहून चांगली मांडली. आता मी पक्ष बदलतो, शंका घेणं हाच आपला धंदा.

नाक उत्तम, मान्य. पण वाचतं कोण? २०११ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठाने १८ हस्तक आणि त्यांचे कुत्रे एका चर्चमध्ये नेले. हस्तकांना सांगितलं, इथे माल लपवलाय, लाल कागद आहे तिथे आहे. प्रत्यक्षात कुठेच काही नव्हतं. एकही इशारा मिळायला नको होता. मिळाले दोनशेच्या वर! आणि सगळ्यांत जास्त कुठे, तर जिथे कागद चिकटवला होता तिथे. कागद माणसाला दिसत होता, कुत्र्याला त्याच्याशी काय?

साहेबांची मान जरा वळली, पट्टा जरा सैल झाला, श्वास जरा रोखला, की कुत्रा बसतो. नाकाची चाचणी म्हणून आपण जे बघतो त्यात निम्मी चाचणी माणसाच्या चेहऱ्याची असते.

---

खाकीतला_दोस्त | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

शंकासुरभाऊ, बरोबर आहे तुमचं, आम्हाला हे पहिल्या महिन्यात शिकवतात. माल कुठे लपवलाय हे हस्तकाला माहीत नसेल तरच तो सराव खरा. वस्तू दुसऱ्याने लपवायची, आणि त्याने खोलीबाहेर थांबायचं. काही वेळा काहीच लपवायचं नाही, आणि कुत्रा काही न दाखवता परत आला की तेव्हाही शाबासकी. हे शेवटचं सगळ्यांत अवघड, कारण हस्तकालाच रिकाम्या हाताने परतायला आवडत नाही.

म्हणूनच कोर्टात नुसत्या कुत्र्यावर शिक्षा होत नाही.

---

वकीलसाहेब_नागपूर | मंगळवार, रात्री ८:३०

कोर्टाचं निघालंच आहे तर: सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला हा वाद महाराष्ट्रातलाच आहे, रेल्वे रुळांच्या घातपाताचा खटला, निकाल १९७० च्या एआयआरमध्ये, म्हणजे न्यायालयीन निकालांच्या संग्रहात, छापलेला. पोलिसांच्या कुत्र्याने आरोपी ओळखला होता. असल्या पुराव्यावरचे आक्षेप निकालात मांडले आहेत. कुत्रा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याच्या वतीने हस्तक बोलतो म्हणजे ती ऐकीव गोष्ट झाली, त्याची उलटतपासणी घेणार कशी, आणि एखाद्याचं स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगावं का. तपासाला दिशा द्यायला श्वान उत्तम, दोष सिद्ध करायला बाकीचा पुरावा हवा. आजही वकिली याच रेषेवर चालते. उलटतपासणीचा विषय निघाला की अख्खं कोर्ट गालातल्या गालात हसतं, हे वेगळं.

---

उदरभरण_नोहे | मंगळवार, रात्री ९:५५

तुम्ही सगळे नाकाने आत घेतलेल्या वासावरच बोलताय. स्वयंपाकघरातून विचाराल तर नाकाला मागचं दारही आहे. घास चावताना वास घशाच्या मागून वर नाकात जातो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू असं मोजकंच कळतं. गोडा मसाला आणि मालवणी मसाला यांतला फरक, दगडफूल जास्त झालंय का, खोबरं एक मिनिट जास्त भाजलंय का, हे सगळं मागच्या दाराने येतं. सर्दी झाली की आमटी पाणचट लागते ती त्यामुळेच.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे गॉर्डन शेफर्ड म्हणून एक शास्त्रज्ञ होते. त्यांचं म्हणणं होतं की माणसाची गंधशक्ती आपण समजतो त्यापेक्षा चांगली आहे आणि हा मागचा रस्ता तिचं मोठं कारण. आपल्या नाकातली हाडांची रचना या रस्त्याला सोयीची, कुत्र्याची पुढून हुंगायला सोयीची. कुत्रा तसाही चावतो कुठे, गिळतो. आमच्या राजाला मी बासुंदी घातली काय आणि शिळी पोळी घातली काय, दोन्ही तेवढ्याच वेळात गडप.

---

एडिनबरोकर | मंगळवार, रात्री ११:२०

जॉय मिल्न यांचं नाव कुणीच कसं घेतलं नाही! आमच्या स्कॉटलंडातल्या पर्थ गावच्या निवृत्त परिचारिका. नवऱ्याच्या अंगाला वेगळाच, कुबट-कस्तुरीसारखा वास येतो असं त्यांना जाणवू लागलं. नवऱ्याला पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालं त्यानंतर बारा-एक वर्षांनी. पुढे त्या रुग्णांच्या एका मेळाव्याला गेल्या तर खोलीभर तोच वास.

एडिनबरा विद्यापीठात टिलो कुनाथ यांनी त्यांची परीक्षा घेतली. १२ टीशर्ट, ६ रुग्णांनी घातलेले, ६ निरोग्यांनी. मिल्नबाईंनी सहाच्या सहा रुग्ण ओळखले, आणि निरोग्यांतल्याही एकाला रुग्ण म्हटलं. संशोधकांनी ती चूक धरली. काही महिन्यांनी त्या माणसालाच पार्किन्सन्सचं निदान झालं.

वास काखेत नव्हता, मानेमागे आणि पाठीवर होता, त्वचेच्या तेलकट स्रावात. मँचेस्टरच्या पर्डिटा बॅरन यांच्या गटाने मग त्या स्रावातली रसायनं शोधली, २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. अलीकडे इंग्लंडात दोन कुत्र्यांना हाच वास शिकवला, त्यांनी ८० टक्क्यांपर्यंत रुग्ण बरोबर ओळखले. बारा टीशर्टांची तुलना शेकडो नमुन्यांशी करू नये हे मला कळतं, पण कुत्र्यांना शिकवायची कल्पना सुचायला आधी एका बाईचं नाक लागलं.

---

सोलापुरी_चादर | बुधवार, सकाळी ८:४०

आमच्याकडे कारवानी कुत्री असतात, कर्नाटकात त्यांनाच मुधोळ म्हणतात. लांब तोंड, बारीक कंबर, वाऱ्यासारखा पळ. ही जात नजरेवर शिकार करणारी. ससा दिसला की सुटला, नाक खाली घालून फिरणं याच्या रक्तात नाही. लष्कराने मध्यंतरी मुधोळ मेरठला प्रशिक्षणासाठी नेले होते. तेव्हा गावात चर्चा, की नजरेचं जनावर हुंगायला लावलं तर चालेल का?

डॉक्टर, जातीजातींत खरंच एवढा फरक असतो का? आणि ते चपट्या तोंडाचे पग, त्यांना तर नाकच नाही.

---

डॉ_शेपटी | बुधवार, दुपारी १:२५

@सोलापुरी_चादर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून खुर्ची धरा. २०१५ मध्ये नेथन हॉल आणि सहकाऱ्यांनी पग, जर्मन शेफर्ड आणि ग्रेहाउंड यांची वास ओळखण्याची परीक्षा घेतली. पहिला आला पग. ग्रेहाउंड, म्हणजे तुमच्या कारवानीचा लांबचा भाऊबंद, बहुतेक सरावाच्या टप्प्यातच गळाले. त्यांना त्यात रसच नव्हता.

माझा अर्थ असा, की नाकाची लांबी एक गोष्ट, कामाची हौस दुसरी. खाकीतल्या दोस्तांनी चेंडूबद्दल लिहिलंय तेच. अर्थात पगला श्वासाचा त्रास असतो, उन्हात तास-तास काम त्याच्याकडून होणार नाही, त्यामुळे विमानतळावर पग दिसायची वाट बघू नका. आणि ‘नाकच नाही’ म्हणून पग आणणाऱ्यांनी त्याच्या नाकपुड्यांच्या शस्त्रक्रियेचा खर्चही धरावा. रोज बघतो म्हणून चिडून लिहितोय.

---

आकाशकंदील | बुधवार, दुपारी ४:००

माणसाला १ लाख कोटी वेगवेगळे वास ओळखता येतात असं वाचलं होतं. मग कुत्र्याची काय कथा!

---

कावेरी_प | बुधवार, दुपारी ४:३५

@आकाशकंदील, तो आकडा २०१४ चा. मोजक्या लोकांवर मिश्रणं तपासून गणिताने वाढवत नेलेला. पुढच्याच वर्षी दोन वेगळ्या गटांनी दाखवलं की गृहीतकं जरा हलवली की त्याच माहितीतून उत्तर वाटेल तेवढं लहान-मोठं येतं. आमच्या सोसायटीच्या लाखपटीचाच हा शिकलेला भाऊ.

---

निर्गंध | बुधवार, रात्री १०:१५

धागा पहिल्यापासून वाचतेय. कोविडमध्ये माझा वास गेला आणि बराच काळ आलाच नाही, म्हणून हा आयडी. ज्यांचं नाक शाबूत आहे ते माणसाच्या नाकाला कमी लेखतात याचं मला हसू येतं.

सगळ्यात भीती गॅसची होती. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, त्यात एथिल मरकॅप्टन मिसळतात, ते हवेच्या अब्ज भागांत एखादा भाग असलं तरी माणसाला कळतं. म्हणजे घरोघरी सुरक्षेची पहिली भिस्त तुमच्या नाकावर आहे, कुत्र्याच्या नाही. मला ते कळत नव्हतं. रेग्युलेटर रोज रात्री बंद करायची आणि तरी उठून बघायची. बाळाचं डोकं हुंगलं तर काहीच नाही, नुसती हवा.

डॉक्टरांनी गंधाचा सराव सांगितला. जर्मनीतल्या थॉमस हमेल यांच्या गटाने २००९ मध्ये मांडलेली पद्धत: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. सकाळ-संध्याकाळ एकेक वास थोडा वेळ हुंगायचा, मन लावून, तो आठवत. बारा आठवडे तरी. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. मला पहिल्यांदा लवंग आली, तीही जळक्या रबरासारखी. मग हळूहळू नीट झाली. लिंबू अजून अर्धंच येतं.

---

मैना_मावशी | बुधवार, रात्री १०:४०

निर्गंध, लवकर बरी हो गं. आणि रात्री गॅस बंद करायची सवय मोडू नकोस, ती नाक असणाऱ्यांनीही ठेवावी.

माझा एक साधा प्रश्न. आमची चिंगी फिरायला नेलं की प्रत्येक खांबाशी थांबते. मला गुडघेदुखी, मला चालायचं असतं. ओढून नेलं तर चालतं का? आणि फरशी फिनेलने पुसली की ती शिंकत बाहेर पळते.

---

डॉ_शेपटी | गुरुवार, सकाळी ७:३०

मावशी, फेरीचा एक भाग तुमचा, एक भाग तिचा असं वाटून घ्या. कोण आलं होतं, नर की मादी, माजावर आहे का, ही सगळी माहिती तिला त्या खांबावर मिळते. पंधरा मिनिटं मनसोक्त हुंगलेलं कुत्रं घरी येऊन शांत झोपतं, हा माझा रोजचा अनुभव. फिनेल कमी, पाणी जास्त, आणि फरशी वाळेपर्यंत तिला दुसऱ्या खोलीत ठेवा. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या मात्र तिच्या तोंडाला लागणार नाहीत अशा ठेवा, त्या पोटात गेल्या तर विषारी असतात.

पावसाळ्यात फिरणं बंद असलं तर घरातल्या घरात खेळ: तीन वाट्या उपड्या घालायच्या, एकीखाली खाऊ. शंकासुरांनी सांगितलेला चर्चचा प्रयोग लक्षात ठेवा. खाऊ दुसऱ्या कुणीतरी ठेवावा, वाट्या सगळ्या आधी खाऊने पुसून घ्याव्यात म्हणजे वाटीचाच वास लागणार नाही, आणि ठेवणाऱ्याने निघून जावं. नाहीतर कुत्रं वाटी सोडून तुमचे डोळे हुंगेल.

---

शंकासुर | रविवार, सकाळी ११:१०

डॉक्टरांचा खेळ आमच्या मोत्यावर केला. मी समोर बसलो होतो तेव्हा दरवेळी बरोबर वाटी. मग नियमाप्रमाणे बायकोने खाऊ ठेवला, मी दाराआड गेलो, तीही वळली. मोत्या तीनही वाट्यांवरून उडी मारून थेट तिच्या मागे स्वयंपाकघरात. बिस्किटांचा उरलेला पुडा तिच्या ओच्यात होता.

@डॉ_शेपटी, याला उत्तीर्ण धरायचं की नापास?

---

डॉ_शेपटी | रविवार, दुपारी १२:०५

उत्तीर्ण. पुडा डब्यात घालून, झाकण लावून, पुन्हा घ्या.